नग सतरा

पहिल्या माघात आम्ही काहीच चोरलं नाही.
नुसतं पाहिलं:
पणजीहून आगबोट येते, वेंगुर्ल्यासमोर नांगर टाकते,
पडावातून एक शिसवी पेटी धक्क्यावर उतरते,
रात्रभर जकातीच्या कोठीत राहते
आणि सकाळच्या बोटीने मुंबईकडे जाते.
कुठल्याशा जहागिरीच्या विधवेचे हिरे.
वर्षातून एकदा, अवसेच्या आगेमागे.
मी कोठीचा कारकून. वहीत लिहिलं:
पेटी एक. लाख शाबूत.

दुसऱ्या माघात इनासने
कुलपाच्या तोंडात साबण दाबला आणि काढून घेतला. बस.
किल्ली तो वर्षभर घासत होता,
लोकांच्या घागरींना डाख देता देता,
इगर्जीची घंटा वाजेल तेवढाच वेळ कानस.
हसनने अंतर मोजलं:
धक्का ते खाडीचं तोंड, भरतीच्या पाण्यावर, अडीच विड्या.
वारा पडला तर तीन.
मला घाई होती. डोक्यावर देणं होतं, पोटात कळ होती,
आणि आवडू कुबल कालवं फोडता फोडता
मान वर न करता म्हणाली,
"समुद्राक खंय घाई आसा? तरी दिसाक दोनदा पोचता."

तिसऱ्या माघात उधाण मध्यरात्री भरलं.
पहारेकरी धाकू दशावतार बघायला गेला होता.
मीच म्हटलं होतं, जा रे, मी आहे.
ओळखीच्या माणसाला दार उघडावं
तसं कुलूप उघडलं.
सतरा नग. कंदिलाखाली मळकट,
लाटांनी झिजवलेल्या काचेसारखे.
यासाठी तीन वर्षं? इनास हसला, मग गप्प झाला.
त्यांच्या जागी आम्ही ठेवले
शिरोड्याच्या आगरातले मिठाचे खडे,
गुंजेला गुंज तोलून.
लाख मीच वितळवली. शिक्का माझ्याच ताब्यातला.
हात थरथरला नाही. याचं मला अजून नवल वाटतं.

पहाटे ओहोटी लांब गेली.
आवडूने रिकाम्या शिंपल्यांत एकेक नग ठेवला,
चुन्याने शिंपले मिटले,
खडपावर अंधारात बसवले, होते तसे.
परतली तेव्हा टोपलीत रोजच्याइतकीच कालवं.

मुंबईत पेटी उघडली तेव्हा
आत, म्हणे, मखमलीवर ओले डाग होते.

त्यांनी धाकूला धरलं.
अठरा महिने. उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी.
मी साक्ष दिली: तो जागेवर नव्हता.
खरंच होतं ते.

पाच वर्षं थांबायचं ठरलं होतं.
इनास बोटीवर लागला, मोंबासाहून एक पत्र आलं, पुढे काही नाही.
हसन विषमात गेला, शुद्धीत नसताना विड्या मोजत.
मी पेन्शनीत निघालो. पाचाची बावीस झाली.
एकदा आवडूला विचारलं, खडप कुठलं?
म्हणाली, "कालवांवर कालवां चढली.
आता सगळाच खडप आपला."

पण दर उधाणाला
तिची वाटीभर कालवं धाकूच्या घरी जायची.
पैसे न घेता.
का, ते मी विचारलं नाही. मला विचारायची सवय नाही,
लिहायची आहे.

काल धाकू आला. ओट्यावर टेकला.
वाकड्या बोटांनी चंची सोडायला वेळ लागला त्याला,
मी मदत केली नाही.
"कालवात खडो गावलो. दात हललो माजो.
तू लिहिणारो माणूस, बघ काय ता."

तळहातावर घेतला.
साडेतीन गुंजा. थोडा जास्तच.
तेच मळकट तोंड. मला ओळखलं त्याने.
बंदरावर पाणी चढत होतं
आणि धाकू माझ्या तोंडाकडे बघत होता,
तेव्हा कोर्टात बघत होता तसाच.

"खडोच," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, चंचीत टाकला,
चुन्याच्या डबीवर तो बारीक वाजला.
पायरी उतरताना म्हणाला,
"हो बारावो. नातीक खेळूक बरे."