अर्धं सूत

मे महिन्यात जिनिंगच्या ओट्यावर कापूस नसतो.
धरणगावचं ऊन झेलून पांढरा पडलेला कोबा,
फटींत गेल्या हंगामाची सरकी,
आणि सहानंतर, पाय भाजेनासे झाले की,
गुंजनची गाडी.

सुरतच्या काकानं आणलेली, कुणाची तरी जुनी,
दोन वीत लांब, अंगावर अर्धा सोललेला सात.
ती काखेत मारून माझ्या टपरीत आली,
जिथे मी तीस वर्षं
ट्रकची पुढची चाकं ठिकाणावर आणतो.
"हिलाल आप्पा, गाडी डावाकडे वढस."

हसलो नाही. हे वाक्य रोजचंच,
फक्त इतक्या बारीक आवाजात
आजवर कुणी बोललं नव्हतं.

ट्रकला मी दोरी धरतो,
मागच्या चाकापासून पुढे, ताणून, श्वास रोखून.
हिला काय धरणार?
सायकलचे दोन स्पोक घेतले,
चाकांच्या अंगाला रबरानं आवळले,
गाडी काडेपेट्यांवर टेकवली,
रिमोट चालू, ट्रिम शून्यावर.
व्हर्नियर सांगतो: पुढच्या टोकांत एकशे अडतीस,
मागच्या टोकांत एकशे त्रेचाळीस.
पाच मिलिमीटर. माझ्या भाषेत
दीड सूत आणि वर थोडा मळ.

"एवढं आत कोण बघतं?" मी चाकांना म्हणालो.
"मी," गुंजन म्हणाली.
तेव्हा दिसले तिचे चवडे,
आत वळलेले, चपलांची टोकं
एकमेकींच्या कानाला लागलेली.
मी पाना शोधायला खाली वाकलो,
पाना हातातच होता.

मग उगाच जास्त बोललो.
म्हटलं, थोडं आत पाहिजेच गं.
पळताना चाकं आपोआप उघडतात,
म्हणून उभी असताना जराशी मिटून ठेवायची.
अर्धं सूत. त्याहून जास्त नाही, टायर खातात.

रॉड गोधडीच्या सुईएवढा.
एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे.
मधोमध पाना लावून एक वळण दिलं
की दोन्ही टोकं एकदम जवळ येतात,
उलटं फिरवलं की एकदम लांब जातात.
भावकीत असा एक रॉड पाहिजे होता.

पाव वळण. मोजलं. पाव वळण.
अर्ध्या सुतावर काटा आणला.
ओट्यावर सोडली, आणि गाडी
निमूट डावीकडे, मोरीच्या तोंडाशी.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. चाकं अगदी समांतर.
डावीकडे.
तिसऱ्या दिवशी नाकं बाहेर काढली,
तेव्हा ती पिसाळल्यासारखी हलत हलत
डावीकडेच.
आखाला गुंडाळलेला कापूस चिमट्यानं काढला,
तोंडानं शिवी निघणार होती, ती गिळली.
पोरीसमोर तीस वर्षांची अब्रू
काडेपेटीवर ठेवल्यागत डुगडुगत होती.

गुंजन काही बोलली नाही.
गाडी उचलून ओट्याच्या त्या टोकाला गेली,
तोंड माझ्याकडे केलं, आणि सोडली.
गाडी उजवीकडे वळली.
त्याच मोरीकडे.

"आप्पा, गाडी नही, ओटा वाकडा शे."

तांब्याभर पाणी ओतलं तिनं, खात्रीसाठी.
पाण्यानं कुणाला विचारलं नाही,
सरळ पश्चिमेला निघालं.
हा कोबा घातला तेव्हा
घमेली उचलायला मीच होतो.
गवंडी ओरडत होता, ढाळ ठेवा, ढाळ ठेवा,
आणि मी फळी धरून हो म्हणालो होतो.

चाकं परत अर्ध्या सुतावर आणून दिली.
बाकीचं तिच्या अंगठ्यावर:
जाताना ट्रिम दोन घरं उजवीकडे,
येताना दोन घरं डावीकडे.
अंधार पडल्यावर ती घरी निघाली,
कोब्याच्या फटीवरून, चवडे आत,
फटीबाहेर एक पाऊल नाही.

सकाळी शिरपूरचा टँकर आला.
ड्रायव्हर खाली उतरायच्या आधीच म्हणाला,
डावीकडे ओढते.
मी दोरी घेतली नाही.
विचारलं, उलट्या बाजूनं चालवून पाहिली का?
तो माझ्याकडे बघत राहिला,
मग क्लीनरकडे.