कूलर बसवायला आलेली बाई

एप्रिल लागला की त्रिमूर्तीनगरात
प्रत्येक खिडकीखाली मागच्या वर्षीचा वाळा पडतो,
काळा, कुजका,
गेल्या उन्हाळ्यातल्या दुपारच्या झोपांचा वास मारणारा.

आमच्याकडे देवचंद आला, शिडी आली,
तारेचा गुंडा आला,
आणि डोक्यावर नव्या वाळ्याचा भारा घेऊन एक बाई.
सासूबाईंनी पायरीवरूनच विचारलं, नाव काय तुझं?
"पंचशीला."
आडनाव विचारायची गरज पडली नाही.
या शहरात काही नावं आडनावाचंही काम करून टाकतात.
सासूबाईंनी पदर सावरला, आत येऊन मला म्हणाल्या,
पाणी मागितलं तर मोरीवरचा ग्लास दे.

तो ग्लास मला ठाऊक आहे.
बुडाला पोचा आहे, कुठंही ठेवला तरी डुलतो.
लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात
दुधाचं भांडं कुठलं, देवाची घंटी कुठली
यासोबत तोही दाखवला गेला.
जात हा शब्द कोणीच उच्चारला नाही.
वेगळा ठेवायचा असतो, म्हणाले, एवढंच.

देवचंदचा गुडघा धरला होता.
म्हणून काष्टा खोचून तीच चढली वर,
दातात सुतळी,
बोटांना जुन्या जाळीचा गंज.
मजुरी त्याला सहाशे, हिला साडेतीनशे.
मी खालून विचारलं, असं का गं?
"थो शिडीवर चढते ना, म्हनून,"
शिडीवरून ती म्हणाली
आणि तारेला पीळ दिला.

एक कूलर हॉलमध्ये, एक सासऱ्यांच्या खोलीत,
एक आमच्या.
स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन ती थबकली.
"इथं नाही बसवत?"
गॅस विझतो म्हणतात.
"कोन म्हन्ते?"
घरातले.
"मंग घरातले सयपाक करते का?"

इतकी हसले मी, की कणकेचा हात तोंडावर गेला.
पंचेचाळीस डिग्रीत, गजांच्या अलीकडे-पलीकडे
दोघी हसत होतो,
आणि मला वाटून गेलं, आपण एकच.
असं वाटणं फार स्वस्त असतं.
कारण त्यानंतर तिनं पाणी मागितलं.

मी तोच ग्लास भरला.
माठ शेजारीच होता, त्यावर चांगला ग्लास पालथा होता,
सासूबाई पूजेला बसल्या होत्या,
पाहणारं कोणी नव्हतं.
तरी हात मोरीकडेच गेला,
जसा अंधारात दिव्याच्या बटनाकडे जातो.

खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. डुलला.
तिनं तो डुलणं थांबेपर्यंत पाहिला.
"राहू द्या बाई, बाटली हाये माह्याजवळ."
ओल्या फडक्यात गुंडाळलेली कोकची जुनी बाटली,
पाणी नक्कीच कोमट.
ती प्यायली, सावकाश, पाठ न फिरवता.

टाकीत बारा बादल्या पाणी ओतलं, माठातल्यासारखं गार.
पंप सुरू झाला, घरभर वाळ्याचा वास.
ती कूलरच्या पाठीमागे उभी होती,
जिथून हवा आत ओढली जाते.

जाताना मी विचारलं, अपराध झाकायला काहीतरी
विचारावं तसं,
तुझ्या घरी आहे का गं कूलर?
"हाये ना. एकच हाये.
पोरीच्या टेबलापुढं लावला, बारावीले हाये थे.
हवा तिले. आम्ही बाजूनं पडतो."

मी काहीच बोलले नाही.
या घरात तीन आहेत,
आणि एकाचंही तोंड कधी
कोणा मुलीच्या टेबलाकडे नव्हतं.

रात्री सगळे झोपल्यावर
मी त्या पोचलेल्या ग्लासातून पाणी प्यायले.
कोणी पाहत नव्हतं,
म्हणून ते मोजायचं नाही.

सकाळी ग्लास मोरीवरच होता.
मीच ठेवला होता.