फाल्यां

नववी ब चं रजिस्टर अजून आहे माझ्याकडे.
शेवटच्या पानावर तीन रकाने:
वेळेवर, उशिरा, नाही.
नियम मीच केलेला. नवीन होते, कडक होते,
वाळपईत एक खोली, संध्याकाळी बोलायला कुणी नाही.
दहा झाडांची पानं वाळवून आणायची, नावांसकट.
गुण दहा.
एक दिवस उशीर, एक गुण वजा.

रोशनी गावसची फाईल वेळेवर,
पानं सुईदोऱ्यानं टाचलेली,
आंब्याखाली आंबा, फणसाखाली फणस.
अल्ताफची चार दिवस उशिरा, पानं हिरवीगार,
ज्या पेपरात दाबली तो कालचाच.
ग्रेगरी फाईल बसमध्ये विसरला. तीन वेळा.
तृप्ती माजिक उभी राहिली, म्हणाली,
"केलं नाही, टीचर."
का?
"केलं नाही."
तिच्यासाठी माझ्याकडे रकाना होता,
पुढचा प्रश्न नव्हता.

धाकटू झोरे म्हणायचा, फाल्यां हाडटां.
उद्या आणतो.
सोमवारी फाल्यां, मंगळवारी फाल्यां,
शुक्रवारी तर मी विचारायच्या आधीच.
मार्च होता. डोंगरावर बोंडू पडत होते,
पोरं पहाटे काजू वेचून शाळेत येत,
बोटांची कातडी चिकानं सोललेली,
अख्ख्या वर्गाला आंबूस गोड वास.
मला वाटलं, याचंही तेच.
त्याच्या नावापुढे रोज एक टिंब देत गेले.

अकराव्या दिवशी त्यानं आणली.
फाईल कसली, सिमेंटच्या पोत्याचा आतला कागद शिवलेला,
कोपऱ्यावर बोंडूच्या रसाचा डाग,
जो कशानंच जात नाही.
दहातून अकरा गेले.
वर्गासमोर मी लिहिलं: उणे एक.
वर्ग हसला.
तोही हसला, जरा मागाहून.

रात्री खोलीवर पानं उलटली, तर खाली पेपर चिकटलेला.
तारीख वाचली.
मी काम दिलं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.
दहाही पानं तेव्हाच वाळत घातलेली.
किंदळ, करमल, घोटिंग, शिवण,
नऊ नावं वळणदार अक्षरात.
दहाव्याखाली पेन्सिलीची एक रेघ,
खोडून पुन्हा ओढलेली.

बापाला विचारलं, म्हणाला,
मग काजूच्या भाटीवरच्या म्हाताऱ्याला,
मग रविवारी चालत नानोड्याला, मावशीकडे.
झाड सगळ्यांच्या पाहण्यातलं.
नाव कुणी कधी घेतलेलं नाही.
"नावाशिवाय कसं द्यायचं, टीचर?"
मी म्हटलं, बघते मी. फाल्यां सांगतां.
कोकणीतलं माझं पहिलं वाक्य ते असावं.

गुण मी बदलला नाही.
हेही सांगायला हवं.
रजिस्टर शाईचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढे पणजीच्या ग्रंथालयात पुस्तकं उघडली,
फोंड्याच्या एका सरांना पान दाखवलं.
त्यांनी एक नाव दिलं,
दुसऱ्यांनी ते चूक ठरवलं.
मध्ये माझी बदली झाली, लग्न झालं, बदली झाली.
पान आधी देठापाशी तुटलं,
मग शिरांशिरांतून.
चिकटपट्टी तेवढी राहिली, पिवळी.

गेल्या आठवड्यात होंड्याला म्हापशाची बस धरली.
कंडक्टरनं तिकीट फाडलं, सुट्टे मोजून हातावर ठेवले.
एक रुपया कमी.
मान वर केली, तर त्यानं आधीच ओळखलेलं.
जाडा झालाय. मनगटात पितळी कडं,
कानामागे पेन.
"रुपया फाल्यां दितां, टीचर,"
आणि पुढच्या सीटकडे सरकला,
गर्दीत तिकीट तिकीट करत.

साखळीपर्यंत मी खिडकीतून झाडं बघत राहिले.
बहुतेकांची नावं आता येतात मला.
एका वळणावर ते दिसलं,
तसंच पान, तोच देठ,
आणि बस थांबवा म्हणायला
मला थोडा उशीर झाला.