दहा नंबरचा पाना

तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा गाडी अशोक चौकात,
एप्रिलातली दुपार, घड्याळात दोन,
मागच्या सीटवर आहेराचे चोवीस टॉवेल.
किल्ली फिरवली.
टक्.
पुन्हा फिरवली.
टक्.

चौतीस वर्षं जॉबर होतो मी.
साठ माग एकदम खडखडत असताना
कितव्याचा धोटा चुकतोय
ते तोंडातला भाकरीचा घास न थांबवता सांगायचो.
हे टक् मला कळतं.
कुठंतरी काहीतरी नीट धरलेलं नाही, एवढंच म्हणतंय ते.

पण होटगी रोडच्या शोरूमात कानाला किंमत नाही.
तिथं एसी आहे. पाणी विचारतात, थंड की साधं.
(आमच्या घरी नळ पाचव्या दिवशी येतो,
म्हणून मी दोन्ही पितो.)
गाडी काचेपलीकडे नेतात
आणि काचेवर लिहिलेलं असतं:
ग्राहकांनी आत येऊ नये.

पहिल्या खेपेला म्हणाले, बॅटरी गेली. सहा हजार आठशे.
दुसऱ्या खेपेला म्हणाले, बॅटरी चांगली आहे,
तुम्हीच गाडी कमी चालवता, काका,
ते वॉरंटीत बसत नाही.
म्हटलं, बाबा, टर्मिनल बघ एकदा हात लावून.
पोरगा स्क्रीनकडे बघत म्हणाला,
सिस्टिममध्ये तसं काही दाखवत नाही.
मग बिल. चार्जिंगचे साडेतीनशे, तपासणीचे सहाशे,
आणि खाली बारीक अक्षरात, इतर साहित्य, एकशे ब्याऐंशी.
इतर म्हणजे काय हो?
म्हणे, पुसायचं फडकं.
फडकं!
सोलापुरात,
मला,
फडकं विकलं.

तर अशोक चौक.
रसाच्या गाड्याशेजारी जुन्या बॅटऱ्यांचा ढीग
आणि ढिगावर बसलेले इलाहीभाई.
"सेल मारून मारून जीव घेताव का काय तिचा?
उघडा की बॉनेट."
उघडलं. टर्मिनलवर पांढरा फुलोरा,
जुन्या भिंतीला मीठ फुटावं तसा.
समोरच्या चहावाल्याकडनं उकळतं पाणी आणलं, ओतलं, घासलं,
खिशातनं दहा नंबरचा पाना काढला
आणि अर्धा आटा.
अर्धाच.
"नवी बॅटरी बसिवली आन् नट आवळायचं इसरले बघा."
गाडी एका दमात सुरू झाली.
किती द्यायचे?
"चहा पाजा."
हात पुसायला आहेरातला एक टॉवेल दिला मी त्यांना.
नको नको म्हणत होते.
लग्नात तेवीस पोचले.

संध्याकाळी फोन. शोरूमचाच पोरगा, आवाज बारीक केलेला.
"काका, उद्या कंपनीकडून विचारतील, दहापैकी किती.
दहाच सांगा. नऊ म्हणजे आमच्यात नापास.
पगारातनं कापतात."
मी भांडायला तोंड उघडलं होतं,
सगळं जुळवून ठेवलं होतं, फडक्यापासून.
तोंडातनं निघालं, "कुणाचा रे तू?"
"श्रीनिवास. गंगय्या येमूलचा नातू."

गंगय्या. खिडकीजवळचा माग.
शेवटी शेवटी त्याला दिसायचं कमी,
चादरीत तार तुटलेली तशीच पुढं जायची.
दंड पगारातनंच जायचा तेव्हाही.
माझ्या वहीत त्याच्या नावापुढं
दोन वर्षं काही लिहिलेलं नाही.
घडी करताना तो डाग मी आत घालायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला, गोड आवाज,
कुठल्या गावाहून बोलत होत्या देव जाणे.
एक ते दहामध्ये आमच्या सेवेला किती गुण द्याल?
थोडं थांबलो. उगाच.
दहा, म्हटलं.
धन्यवाद सर, आणखी काही सांगायचंय?
हो. लिहून घ्या.
दहा नंबरचा पाना. अर्धा आटा.
पलीकडे बोटं थांबल्याचं ऐकू आलं.
"सॉरी सर,
असा पर्याय इथे नाहीये."