नऊ सेकंद

सातवी ब. आपल्या भागातली गोष्ट.
वेळ तीन मिनिटं, फोन घरातल्या कुणाचाही,
आवाज मात्र स्वतःचा,
असं फळ्यावर लिहून झालं
आणि मग आठवला तिसऱ्या बाकावरचा
दुर्गेश हिरवे,
ज्याचं 'हजर' 'ह'च्या उंबऱ्यावरच अडतं
आणि मी पुढचं नाव घेऊन मोकळी होते.
दोन वर्षं झाली, मोकळी होतेय.

त्यानं गोष्ट आणली परदेशीपुऱ्यातून.
भावाचा फोन, लेन्सवर ओरखडा,
म्हणून सगळ्या चित्रांवर एक केस पडल्यासारखा.
बिहारीलाल कोष्टी, वय अडुसष्ट.
पूर्वी मिलमध्ये, साच्यावर.
आता मॉलच्या पार्किंगमध्ये शिट्टी.

"काका, भोंगा कसा वाजायचा हो?"
एकही अक्षर न अडखळता.
(कितव्या खेपेला, ते फोन सांगत नाही.
चुगली करत नाही एवढं बरंय त्याचं.)

काका हसतात. टोपी काढून मांडीवर ठेवतात.
तोंडापुढे दोन्ही हातांचं नरसाळं.
मग काहीच नाही.
कुणाचा तरी कुकर. "ओ भिया, गाडी हटा."
कपाळावर एक माशी.
नऊ सेकंद.

आणि मग पोटाच्या तळातून
आधी बारीक, मग जाड, मग गल्लीभर
तो.
नळाखालचं कुत्रं उठून बसतं.
समोरच्या ओट्यावर भेंडी चिरणारी बाई
मान वळवून घरातल्या घड्याळाकडे बघते,
इतक्या वर्षांनी,
पाळी बदलली की काय म्हणून.

मी म्हटलं, छान झालंय रे,
पण ती मधली शांतता काप.
तीन मिनिटांच्या वर जातंय.
कात्रीचं चित्र आहे बघ खाली,
बोट लावलं की झालं.

तो उभा राहिला.
"मॅडम, ते ग... ग..."

बाहेरून कचरागाडी गेली आपलं गाणं वाजवत,
वळणावरून ऐकू येईनाशी झाली.
पहिल्या बाकावरची मानसी उत्तर पुरवायला वळली,
मी तिला डोळ्यांनी बसवलं.

"...गप्प नाहीत. ऐकताहेत.
आधी त्यांना ऐकू यायला पाहिजे ना,
म... मगच काढता येईल."

संध्याकाळी गुणतक्ता.
आशय पाच, मांडणी पाच, तंत्र पाच,
वेळेचं भान पाच.
या शेवटच्या चौकटीत
पेन बराच वेळ
टेकवून ठेवलं, शाई फुटली.

सकाळी हजेरी.
हिंगमिरे. हिरवे.
वही मिटून मी त्याच्याकडे बघत राहिले.

चार सेकंद लागतात.
चारच.