गुळातला ळ

झुम्पा मैती, वय चोवीस, मुक्काम भेंडे गल्ली,
नवरा गुजरीत सोन्याच्या तारा वळतो.
आठव्या दिवशी म्हणाली,
"दीदीमणी, मी पाणी खाल्लं."
माझ्या बोटांत आपोआप लाल पेन आलं.

एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं मी,
पाचवी ते सातवी, तास तिसरा.
वर्गात मराठी बोलला की चार आणे दंड.
त्यासाठी डबा होता, डालड्याचा.
वर्षाअखेर त्या पैशांची भेळ आणायचो
आणि भेळ खाताना पोरं किती बोलायची,
अर्थात मराठीत.

पेन खाली ठेवलं.
आपण तरी काय काय खातो:
शपथ खातो, मार खातो, रंकाळ्यावर हवा खातो,
ओळखीच्यांत गेलो की भाव खातो.
पाणीच तेवढं पितो.
कुणी ठरवलं, मला सांगता येईना.
तांब्या उचलून मी नुसतं म्हटलं,
"मी पाणी प्यायले,"
स्वतःशी बोलल्यासारखं.
तिनं ऐकलं. काही बोलली नाही.
चार दिवसांनी दारातनंच,
"ऊन लई. पाणी प्यायले मी."

लई मी शिकवलं नव्हतं.
ते कपिलतीर्थ मंडईतलं, हौसाक्काच्या पाटीतलं,
मेथीच्या जुडीवर फुकट आलेलं.
तिथनंच ती "मी जातो" घेऊन आली.
"जाते म्हण. बाईमाणूस तू."
"हौसाक्का बाई नाही?"

माझी आई जन्मभर येतो-जातोच म्हणायची.
मीही म्हणायचे, डी.एड.ला जाईपर्यंत.
तिथं एका बाईंनी सगळ्यांसमोर
माझा जातो घासून घासून जाते केला.
अजून घाईत असले की निसटतो.

आणि हिच्या भाषेत तो नि ती
एकाच ओट्यावर बसतात.
टोमॅटो पुरुष, मिरची बाई, वांगं दोन्ही नाही,
हे कुठल्या तोंडानं समजावू?
नियम विचारू नकोस, झुम्पा.
मंडईत जा. ऐक. चूक. परत जा.

अडलं ते ळपाशी.
"डझनभर केलं द्या," म्हणायची,
आणि हौसाक्का, "कुणी केलं, बाई?"
नळाचा नल, वेळेची वेल.
मी आ करून दाखवला, आरसा धरला,
जीभ मागं, आणखी मागं, टाळूला लाव.
ती लाजून गप्प.
दोन दिवस आलीच नाही.
कपाटावरचा रिकामा डबा
रात्रभर खुळखुळला.

तिसऱ्या दिवशी चहात गूळ घातला.
खडा दाखवून विचारलं,
ह्याला तुमच्याकडं काय म्हणतात?
"गुड़."
खजुराचा. थंडीतला. बाबा पहाटे झाडावरनं
मडकी उतरवायचे.
पुष्कळ बोलली ती, बंगालीत.
मला निम्मंही कळलं नाही,
पण माझे कान तिच्या ड़वर होते:
जीभ मागं वळत होती, टाळूला भिडत होती,
लहानपणापासून रोज
तिथवर जाऊन येत होती.
आणि मी आरसा धरून बसलेले.

"गुड़ म्हण," मी म्हटलं, "पण जीभ झटकू नकोस.
तिथंच ठेव. कडेनं वारा जाऊ दे."
"गु...
गूड़... गूल्ड...
गूळ."
पुढचे तीन पुन्हा गूलच आले.
येऊ देत.

मग म्हणाली, आता तुम्ही. जल म्हणा.
जल.
"ना ना, जॉल."
जल. जोल. जऽल.
एकसष्टाव्या वर्षी माझेच ओठ
माझं ऐकेनात.
ती हसली, पदरात तोंड लपवून हसली,
पण चार आणे मागितले नाहीत.

घसा कोरडा पडला तेव्हा धीर करून म्हटलं,
"आमि जॉल खाबो."
कसं म्हटलं कोण जाणे.
तिनं तांब्या पुढं केला.