आउटबॉक्स

दर दहा मिनिटांनी ती चौकट :
सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही.
खाली एकच बटण, ‘ठीक आहे’.
काहीच ठीक नसताना मी ते दाबत आलो,
जेवता जेवता उठून, डाव्या हाताने.
टिळकनगरात आमच्या शेजारचा पोपट
आता तस्साच टण् करतो.

पासवर्ड बदलला. राउटर झोपवला, उठवला.
कंपनीतल्या मुलीने सांगितलेले पोर्टचे आकडे
गॅसच्या बिलामागे आहेत अजून.

शेवटी कुर्ल्याहून अल्ताफ आला.
चहा नको म्हणाला. चष्मा पुसला.
‘काका, एक मेल अडकलाय आत.
छत्तीस एमबी. कसल्या तरी पावत्यांचे फोटो.
दर वेळी निघतो, दारावर आपटतो, परत येतो.
कुमुद असं नाव आहे.’

आईच्या पाटल्यांच्या पावत्या.

दोन भाऊबिजा मी मुलुंडला गेलो नाही.
एवढं लिहिलं, साधं उत्तर नाही
म्हणून.

‘उडवू? की फोटो बारीक करून पाठवू?’

थांब, म्हटलं.
वाचत होतो, माझंच.
वर नुसतं कुमुद. ताई कुठेच नाही.

चौकट आली.
अल्ताफ माझ्याकडे बघत राहिला.
भिंतीपलीकडे पोपट टण् म्हणाला,
कुणीच काही दाबलं नाही.